विडी सोडणाऱ्यांना जाळ्यांच्या शेडची चावी द्या : मच्छीमार सोसायटीला खुले पत्र

प्रति,
चेअरमन, संचालक मंडळ आणि सर्व सभासद,
आपली मच्छीमार सहकारी सोसायटी, तालुका मालवण

सप्रेम नमस्कार.

येत्या ३१ मेला आपल्या होड्या वर ओढल्या जातील आणि १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी लागेल. त्या दोन महिन्यांसाठी मला सोसायटीकडून एक गोष्ट हवी आहे. बर्फाच्या फॅक्टरीमागे जाळी विणायची जुनी शेड आहे, तिची चावी आठवड्यातून एका संध्याकाळी द्या. बंदरावर विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) सोडू पाहणाऱ्यांना तिथे एकत्र बसायचं आहे. अर्ज चार ओळींतही झाला असता. पण चार ओळी वाचून तुम्ही "बघू" म्हणाल, म्हणून सविस्तर लिहितो आणि सगळ्यांसमोर लिहितो.

मी सव्वीस वर्षं विडी ओढली. खलाशी म्हणून पहिल्यांदा होडीवर चढलो त्याच हंगामात लागली. रात्री जाळं टाकून झालं की झोपायचं नसतं, दिवा सांभाळायचा असतो, आणि त्या वेळी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, बंडल पुढे करतो. पोराने ते घेतलं की तो माणसांत आला असं धरतात. मलाही तसंच वाटलं होतं. पुढे दिवसाला दीड बंडल झालं. वाऱ्यात विडी विझते, म्हणून आणखी जोराने ओढायची. टेंभुर्णीच्या पानाचा गुणच असा की सारखं ओढत राहिल्याशिवाय ते पेटतं राहत नाही. सिगारेटपेक्षा विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती हलकी, असं मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि सांगितलंही. उलट ती जिवंत ठेवायला जो खोल दम घ्यावा लागतो, त्याने डांबर आणि निकोटीन जास्तच आत जातं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाच्या घशात गाठ निघाली. त्याला घेऊन कणकवलीहून रेल्वेने मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो. आपल्याकडून तिथे कोण कोण गेलं हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे, मी नावं घेत नाही. लालबागला मेव्हण्याकडे राहून सतरा दिवस फेऱ्या मारल्या. त्या रांगेत बसून मी ठरवलं की आता बस.

गावी आलो आणि कुणाला न सांगता विडी बंद केली. सांगितलं तर हसतील ही भीती. पण असं लपत नाही. तिसऱ्या दिवशी मी होडीवर खलाशावर विनाकारण ओरडलो, घरी पोरीवर हात उगारला. झोप नाही, पोट साफ नाही, डोकं जड. शरीराला निकोटीन हवं असतं म्हणून हे होतं, पहिले दोन-तीन दिवस त्याचा जोर सगळ्यांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं माझाच काहीतरी बिघाड झाला. एका दवाखान्यात गेलो. तिथे "विडी सोडा" एवढंच ऐकायला मिळालं. मी सोडलेलीच होती, आता पुढे काय करू हे विचारायला आलो होतो, पण मागे रांग मोठी होती.

चौथ्या दिवशी टपरीवर बातमी फुटली आणि पैज लागली. मी किती दिवस टिकतो यावर चहा. लावणारे आपलेच लोक होते, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर मी टपरीवर जाणं सोडलं, लिलावाला मागे उभा राहू लागलो. नवव्या रात्री इंजिन बंद पडलं. ते चालू करता करता पहाट झाली. खलाशाने न बोलता पेटती विडी माझ्या हातात दिली आणि मी ओढली. त्या दिवशी कुणीतरी चहा जिंकला. मी मात्र पुढची दोन वर्षं परत प्रयत्न करायचं नावसुद्धा काढलं नाही. विडीपेक्षा त्या चहाची लाज मोठी होती.

हे सांगतोय ते कुणाला दोष द्यायला नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कसलीही मदत न घेता सोडण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांतले शंभरात चारच्या आसपासच टिकतात. समुपदेशन आणि औषध दोन्ही मिळालं तर टिकण्याची शक्यता दुपटीहून वाढते. म्हणजे मी नवव्या दिवशी मोडलो यात जगावेगळं काही घडलं नव्हतं. पण हे मला तेव्हा कळायला हवं होतं, आणि माझ्यासारखंच मोडलेलं एखादं माणूस समोर बसून ते सांगायला हवं होतं.

ते माणूस मला गेल्या वर्षी भेटलं. आपल्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी एक काकी. तिचं नाव लिहू नको असं तिने सांगितलंय. गेल्या ३१ मेला होडी वर ओढून मी वाळूतच बसलो होतो, दम लागला होता, खिशातून बंडल काढलं होतं. ती शेजारी टेकली. तिच्या हातात मिश्रीची डबी होती. डबी उघडून तिने ती वाळूत पालथी केली आणि म्हणाली,

"झिला, आजपासून मी मिश्री बंद केलंय. दात हलूक लागले. एकटीच्यान माका जमाचा नाय. तू विडी बंद कर. मोडूची पाळी इली तर आधी एकमेकाक सांगूचा, मगे काय ता करूचा."

मी बंडल तिच्याकडे दिलं. तिने ते पाटीत टाकलं. एवढाच आमचा करार.

त्या ६१ दिवसांत मी जे शिकलो ते बहुतेक तिच्या ओटीवर बसून शिकलो. तलफ येते तेव्हा ती कायमची आली असं वाटतं, पण घड्याळ लावून बघितलं तर तीन-चार मिनिटांत, फार तर पाच मिनिटांत तिचा जोर उतरतो. लाटेसारखंच आहे ते. होडी आडवी नाही होऊ दिली की लाट खालून जाते. मी तिच्याकडे जायचो आणि ती म्हणायची, "तुका ओढूची हा? ओढ. पण आधी ह्या पाणी पी आणि माझी तारली साफ करून दी." अर्धी टोपली तारली साफ होईपर्यंत तलफ गेलेली असायची. तिला मिश्रीची आठवण सकाळी दात घासताना यायची, मग ती परसातून मला हाक मारायची आणि चूल पेटेपर्यंत आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून काहीही बोलायचो. पावसाबद्दल, तिच्या मुंबईच्या मुलाबद्दल, बांगड्याच्या भावाबद्दल. विडीबद्दल कमीच.

औषधाचंही सांगतो, कारण तिथेही मी आधी चुकलो होतो. बाजारातल्या मेडिकलमधून निकोटीनचं च्युइंगगम आणलं, २ मिलिग्रॅमचं. चहासोबत सुपारीसारखं कराकरा चावलं. उचक्या लागल्या, छातीत जळजळलं, आणि हे थोतांड आहे म्हणून फेकणार होतो. तेव्हा काकीने मला सिगारेटच्या पाकिटावरचा, तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर लावायला लावला : १८००-११-२३५६. फुकट आहे. पलीकडच्या बाईंनी घाई न करता समजावलं. हे गम हळूहळू चावायचं, जिभेला चुरचुरलं की थांबायचं आणि गाल व हिरडीमध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. निकोटीन तोंडातल्या कातडीतून आत जातं, गिळलं तर वाया जातं आणि पोटात जळजळतं. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत नको. आणि मला २ मिलिग्रॅम कमी पडणारच होतं. उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला पहिली विडी लागते त्याला साधारण ४ मिलिग्रॅमचं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या, असं त्या म्हणाल्या. मला तर डोळे उघडण्याआधी विडी लागायची. त्यांनी तारीख ठरवली आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस केली. आपल्यापैकी किती जणांनी तो नंबर पाकिटावर रोज बघितला असेल आणि लावला नसेल.

तरीही फोनवरची बाई पहाटे चार वाजता होडीवर नसते. समुद्रात शिरलं की काही मैलांवर रेंजच जाते. समुपदेशनासाठी ओरोसच्या सरकारी रुग्णालयात जायचं तर कसालला एसटी बदलून अर्धा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. ती मदत चांगली आहे, जमेल त्याने घ्यावीच. माझं म्हणणं इतकंच की ती मदत आणि खिशातलं बंडल यांच्यामध्ये रोज दिसणारं एक माणूस लागतं. ज्याला स्वतःला तलफ आलेली आहे असं माणूस.

ऑगस्टमध्ये समुद्र उघडला. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि पहिल्याच फेरीत मी दोन विड्या ओढल्या. हे मी लपवत नाही. दोन महिने किनाऱ्यावर सगळं जमलं होतं, पण त्या जागेवर, त्या वासात, इंजिनच्या त्या आवाजात हात आपोआप पुढे गेला. परत येऊन मी आधी काकीकडे गेलो. वाटलं होतं ती तोंड फिरवेल. तिने विचारलं, "दोनच? आणि मगे?" मी म्हटलं, मग नाही ओढली. ती म्हणाली, "मगे तू सोडलेलोच आसस. बस, चाय घे." त्या दिवशी तिने पैज लावणाऱ्यांसारखं केलं असतं, तर मी आज पुन्हा दीड बंडलावर असतो. त्यानंतर आजपर्यंत नाही. येत्या ३१ मेला वर्ष होईल. पहिलं वर्ष पार पडलं की विडीमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो असं डॉक्टर सांगतात. मला रोज कळतं ते एवढंच की यंदा होडी ओढताना मला मध्ये थांबावं लागणार नाही.

आता आम्ही पाच जण आहोत. दोघे खलाशी, एक रिक्षावाला, काकी आणि मी. काकीच्या ओटीवर मावत नाही. पावसात तिचं छप्परही गळतं. म्हणून शेड मागतोय.

यंदाच्या बंदीतच का, तर आपल्याला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. ३१ मे हा जगभर तंबाखू विरोधी दिन म्हणून पाळतात, आणि आपल्याकडे त्याच दिवशी हंगाम संपतो. शाळेची फेरी घोषणा देत बंदरावरून जाते, आपण विडी मागे धरून मुलांना वाट देतो. दुसऱ्या दिवसापासून सगळे ६१ दिवस घरी. शरीराची ओढ कमी व्हायला लागतात ते आठवडे अख्खे या बंदीत बसतात, तेही इंजिनापासून, रात्रपाळीपासून लांब. पण याच काळात हाताला काम नसतं, पत्ते निघतात, आणि रिकाम्या हाताला विडी जास्त लागते. दोन्ही खरं आहे. शेडमध्ये जाळी विणायला माणसं बसतातच, विणता विणता हात गुंतलेले राहतील. आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी प्रत्येकाला होडीवर सोबतीला कोण हे ठरलेलं असेल. मी जिथे मोडलो ती जागा आता मला माहीत आहे, दुसऱ्याला आधी सांगता येईल.

शेडमध्ये मिश्रीवाल्या बायकांनाही जागा हवी, यावर काही जण नाक मुरडतील, म्हणून आत्ताच सांगतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ शंभरात चारही निघाले नाहीत, पण तंबाखू, मिश्री, गुटखा असं तोंडात धरणारे शंभरात चोवीस निघाले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही तो कुठे मिळतो हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या बाजारात पहाटे तीनला उठून पाटी भरणाऱ्या बायका भूक मारायला आणि जागं राहायला मिश्री लावतात. त्यांची सवय दिसत नाही, धूर निघत नाही, म्हणून त्यांना कुणी विचारतही नाही. मला सोडायला मदत झाली ती त्यांच्यापैकीच एकीची.

दुसरी मागणी शिध्याची. फेरीचा शिधा भरताना यादी होते : तांदूळ, पीठ, कांदे-बटाटे, तेल, चहा, साखर, आणि खाली विड्यांची बंडलं. डिझेल आणि बर्फासारखंच तेही फेरीच्या खर्चात धरलं जातं आणि वाटे करायच्या आधी वजा होतं. म्हणजे न ओढणाऱ्यालाही त्याचे पैसे पडतात, आणि सोडलेल्याच्या उशाशी फेरीभर फुकटचं बंडल पडलेलं असतं. सोसायटीच्या दुकानातून जो शिधा उधारीवर जातो, त्याच्या यादीतून विडी काढा. ज्याला हवी त्याने आपल्या पैशाने घ्यावी. आणि त्या जागी गूळ-शेंगदाणे घाला, पहाटे तोंडात टाकायला काहीतरी लागतं. चार तांडेलांशी मी बोललोय, तिघे तयार आहेत. चौथ्याचं म्हणणं की विडी नाही दिली तर खलाशी दुसऱ्या होडीवर जाईल. त्याची भीती खोटी नाही, खलाशी मिळणं किती कठीण झालंय हे मला कळतं. म्हणूनच एकट्यादुकट्या तांडेलाने नव्हे, सोसायटीने सगळ्यांसाठी एकदम ठरवावं.

दंडाची भाषा मात्र कृपा करून नको. लिलावाच्या शेडमध्ये २०० रुपये दंडाची पाटी आहे, २००८ सालच्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहेच. पाटी राहू दे. पण सोडणाऱ्याकडे बोट दाखवून "हा बघा अजून ओढतो" असं झालं तर माणसं शेडकडे फिरकणार नाहीत. बॅनर, हार, फोटो, पाहुण्यांची भाषणंही नकोत. कोण आलं, कोण मोडलं, याची नोंद सोसायटीच्या कुठल्याही वहीत होऊ नये. आणि टपरीवर चहाची पैज लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, यंदा ती लावू नका.

आपल्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कशी ओढतात ते शेवटी आठवून देतो, कारण या मागणीवर "ज्याचं त्याने बघावं, सोसायटीचा काय संबंध" असं उत्तर येईल हे मी ऐकून आहे. रापणीचे दोन दोर, दोन बाजूंना माणसं. दोर खांद्याला लावून मागे मागे चालत जायचं, शेवटाला पोचलेला सुटून पुन्हा पाण्याच्या टोकाशी येतो आणि दोर धरतो. एखादा दमला तर बाजूला वाळूत बसतो, कुणी त्याला विचारत नाही, दोर सैल पडत नाही. दम खाऊन तो परत लागतो. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, मध्ये बसला होता म्हणून वाटा कापत नाहीत. हे आपल्या बापजाद्यांनी घालून दिलंय. मी ऑगस्टमध्ये दोन विड्या ओढून वाळूत बसलो होतो, तेव्हा दोर काकीने धरून ठेवला होता. ते एका म्हाताऱ्या बाईने एकटीने किती जणांसाठी करायचं?

शेडच्या दुरुस्तीला सोसायटीने पैसा काढावा असं म्हणत नाही. आम्ही पाच जण साफसफाई करू, दिव्याची जोडणी रिक्षावाला करून देईल, चहाची किटली काकीची. वार शनिवार, वेळ संध्याकाळची. ३१ मेला होड्या वर घेऊन झाल्या की आम्ही दाराशी उभे असू. चावी कोणाकडून घ्यायची तेवढं त्याआधी कळवा.

आपला,
सोसायटीचा एक सभासद